सात नंबरचा खांब

मोजणीबाईंनी बावीस वर्षं टिटव्यांची घरटी मोजली होती आणि तितकीच वर्षं ऑफिसातल्या लोकांची टर उडवली होती. कुठलं काम जास्त मन लावून केलं, ते सांगणं अवघड.

यंदा मात्र थट्टा सुचेना. खाडीकाठच्या राखीव कुरणात एकही घरटं नव्हतं. समुद्र दरवर्षी वर सरकत होता. कुरण भरतीत बुडायला लागलं, तशा टिटव्या चंबूगबाळं आवरून वरच्या माळावर गेल्या. तिथे बाईंनी एकेचाळीस घरटी मोजली. पण माळ हद्दीबाहेर, आणि कागदावर धरायची ती हद्दीतलीच. म्हणजे शून्य. शून्य म्हणजे संरक्षण रद्द, कुरणाशेजारची बांधकामबंदीही रद्द, आणि माळावर गोदाम.

"साहेब, पक्षी संपले नाहीत, नुसते हललेत."

"बाई, हद्द हलत नाही," नव्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं. "शुक्रवारी पाहणी उरकू. फॉर्मवर सही मी इथेच ठोकतो."

"इथे कशी? सही कुरणातल्या सात नंबरच्या हद्दीच्या खांबापाशी उभं राहूनच करायची, असा नियम आहे. नाहीतर कागद वरून परत येतो."

साहेब नियमाला देव मानणारे. "बरं, खांबापाशी. वेळ तुम्ही ठरवा."

झालं! बाईंना एवढंच हवं होतं.

पाहणीची नोटीस टाइप करायला त्यांची नणंदच होती, त्याच ऑफिसात.

"वहिनी, अकरा चाळीस? गाडी सुटतेय का कुठली?"

"टाइप कर गं. आणि तळाला लिही, पूर्ण भरती अकरा चाळीस."

"म्हणजे सांगून भिजवणार?"

"चोरून भिजवायला मी काय दरोडेखोर आहे? वाचलं तर वाचतील."

"या ऑफिसात नोटीस कोण वाचतं, वहिनी!"

"तेच तर."

साहेबांनी न वाचताच खाली सही केली.

शुक्रवारी ते चकचकीत बूट घालून आले. समोर पाणीच पाणी, आणि मधे खांबाचं टोक, त्यावर पांढरा सात. बाई आधीच उतरल्या होत्या.

"या साहेब, तळ कठीण आहे, मी काठीनं बघितलाय."

साहेब कमरेपर्यंत भिजून, फॉर्म डोक्यावर धरून पोचले. "बाई, फसवलंत तुम्ही मला!"

"भरतीची वेळ नोटिशीत होती. तुमच्याच सहीच्या वर."

"अहो, पण इथे पाणी आहे!"

"टिटव्यांचंही तेच म्हणणं आहे. त्यांची अंडी तरंगत नाहीत."

साहेबांनी पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं, परत खिशात ठेवलं. "चला, माळ दाखवा."

माळावर पाऊल पडताच टिटव्यांनी आकाश डोक्यावर घेतलं. "थांबा!" बाई ओरडल्या. साहेबांचा पाय हवेतच राहिला. बुटाखाली वीतभर अंतरावर चार अंडी होती, अगदी खड्यांच्या रंगाची. साहेब एका पायावर बराच वेळ उभे होते.

"एकेचाळीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"हे धरून. तुमचा पाय पडला असता तर चाळीस."

साहेबांनी ओली पँट पिळली आणि दगडावर बसले. "फॉर्ममध्ये हद्द बदलायचा रकानाच नाही."

"शेऱ्याचा आहे."

मग त्यांनी शेरा लिहिला. पाणी वर आलं, पक्षी वर गेले, हद्दही माळापर्यंत न्यावी. आणि पुढे दर पाच वर्षांनी पाणी कुठवर आलं ते बघून ठरवावी. लिहून झालं आणि स्वतःच खाडीकडे वळले.

"कुठे निघालात, साहेब?"

"सही खांबापाशीच करायची ना!"

बाई पहिल्यांदा मनापासून हसल्या आणि त्यांच्यामागे पाण्यात उतरल्या.

सही करून साहेब म्हणाले, "गोदामवाले गप्प बसणार नाहीत. वरून आणखी दोन-तीन पाहण्या लागतील बघा."

"लागू द्या की," बाई म्हणाल्या. "वर्षभराचं भरतीचं वेळापत्रक आहे माझ्याकडे."