सुतळीच्या मुठीची सुटकेस

मित्रांनो, मला चाकं नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुमची निराशा नको. मी एक जुनी, तपकिरी चामड्याची सुटकेस आहे. सध्या एका भल्यामोठ्या जहाजावर, एका चिंचोळ्या खोलीत, पलंगाखाली पडून आहे.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावी, खोगिरं शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानात झाला. घोडे कमी झाले तसा तो पोटासाठी सुटकेसा शिवू लागला होता. एबे नावाच्या तरुण बेकरीवाल्याने लग्नाच्या आठवड्यात मला विकत घेतलं.

"दोघांना पुरेल ना?" त्याने विचारलं.

"भांडला नाहीत तर पुरेल," म्हातारा म्हणाला.

एबे आणि त्याची बायको बोडिल भरपूर भांडले, तरी मी पुरले. दर उन्हाळ्यात बेकरीला कुलूप लावून दोघं बोर्नहोम बेटावर जायची. सामान भरायचं काम एबेचं. बोडिलचे कपडे खाली, त्याचे वर, राय नावाच्या धान्याचा काळा पाव कडेला. माझी उजवी खिटी तेव्हाही अडायची. आधी डावी उघडायची, मग उजवी अंगठ्याने दाबून धरायची, ही युक्ती एबेचीच. एकदा बोटीवर चढताना माझी मूठ तुटली. एबेने तिथेच बसकण मारली आणि पावाचे पुडे बांधायच्या सुतळीची नवी मूठ विणली. शेवटी स्वतःची एक खास गाठ मारली.

"शोभा झाली सगळी," बोडिल म्हणाली.

"तुटली तर नाव बदलीन," एबे म्हणाला. ती मूठ अजून शाबूत आहे.

पुढे चाकांच्या बॅगा आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. पोटात नाताळचं सामान भरलं. कागदी तारे, आणि डिसेंबरची मेणबत्ती. त्या मेणबत्तीवर एक ते चोवीस आकडे असतात. रोज संध्याकाळी एक आकडा जाळायचा. चोवीस संपले की नाताळ. लग्नापासून दोघांनी एकही डिसेंबर तिच्यावाचून घालवला नव्हता. मला मात्र वर्षातून एकदाच उजेड दिसायचा. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मग एबे विसरू लागला. आधी चाव्या, मग घरचा रस्ता, मग मुलीचं नाव. नव्या वर्षात त्याला वृद्धांच्या घरात जागा मिळणार होती, आणि तिथे जागा एकट्याचीच होती. बोडिलने ठरवलं, त्याआधी दोघांनी एक लांबचा समुद्रप्रवास करायचा. कोपनहेगनहून निघायचं ते पार जानेवारीत परतायचं. त्यांची मुलगी बेंटे डोक्याला हात लावून बसली.

"आई, बाबांना स्वतःच्या घरात संडास सापडत नाही. जहाजावर काय करशील?"

"जहाजावर खोलीच एवढीशी असते. दोनच दारं. चुकून चुकून किती चुकेल?"

"बरं. पण ते रमले नाहीत, तर जहाज सुटायच्या आत दोघांनी उतरायचं. मी धक्क्यावर थांबणार. कबूल?"

"कबूल," बोडिल म्हणाली.

बेंटेने चाकांच्या दोन चकचकीत बॅगा आणल्या होत्या, त्या बोडिलने परत पाठवल्या. "ही त्याच्या ओळखीची आहे," म्हणत तिने मला माळ्यावरून उतरवलं आणि पुसलं. नोव्हेंबर सरत आला होता. तिने मेणबत्ती आणि काडेपेटी एबेच्या स्वेटरात गुंडाळून माझ्या पोटात ठेवली. डिसेंबर म्हटला की मेणबत्ती आलीच. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

धक्क्यावर हमाल सामान ताब्यात घेतात, त्याला खोलीचा नंबर बांधतात आणि मागाहून दाराशी आणून ठेवतात. पण एबे मूठ सोडेना.

"आमचं ओझं आम्ही उचलतो," तो म्हणाला.

"वर आणून देणार आहेत रे. सोड बघू." बोडिलने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

खाली एका यंत्राने माझ्या पोटात डोकावून पाहिलं आणि मला बाजूला काढलं. जहाजावर मेणबत्ती चालत नाही. आगीला तिथे सगळेच भितात. मला एका खोलीत उभं केलं. शेजारी एक इस्त्रीवाली बॅग होती, एक किटलीवाली. तिथली माणसं त्या खोलीला 'खोडकरांची खोली' म्हणत. या वयात हेही ऐकून घ्यावं लागलं.

वर काय झालं ते मी नंतर बोडिलच्या तोंडून ऐकलं. हल्ली ती माझ्याशीच बोलते. एबे अंगातला कोट न काढता पलंगाच्या कडेवर बसून होता. बुटाला हात लावू देईना.

"हे आपलं नाही. पेटी कुठंय? चल, उशीर होतोय," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. बेंटेचा फोन आला. "आई, शिडी अजून काढलेली नाही. हट्ट पुरे. खाली ये." बोडिलने आपली पर्सही अडकवली होती खांद्याला. तेवढ्यात निरोप आला, सामान उघडून दाखवायला या. तिने एबेचा हात धरला आणि दोघं खाली आली.

मला पाहिलं आणि एबेचा चेहरा उजळला. त्याने मुठीवरून बोट फिरवलं, गाठ चाचपली. मग आधी डावी खिटी, मग उजवी, अंगठ्याने दाबून. तपासणीवाला बघतच राहिला. त्याने मेणबत्ती बाहेर काढली तेव्हा एबे म्हणाला, "सांभाळून हं. बोडिल रोज एक आकडा जाळते."

किती महिन्यांनी त्याच्या तोंडी तिचं नाव आलं होतं. बोडिल भिंतीला टेकून उभी राहिली.

"ही प्रवास संपल्यावर परत मिळेल, बाई," तपासणीवाला म्हणाला.

"ठेव बाबा. तुझ्याकडेच ठेव," ती म्हणाली.

एबेने मला स्वतः उचलून वर आणलं. कोट काढला, बूट काढले. बोडिलचे कपडे कपाटात नीट लावले, स्वतःचे शेजारी लावले. बोडिलने खिडकीशी उभं राहून फोन केला. "रमलाय गं. तू जा घरी." शिडी निघाली, भोंगा झाला. धक्क्यावर बेंटे हात हलवत लहान होत गेली. मलाही वाटलं, चला, जिंकलो.

एबेने मला पलंगाखाली सरकवलं आणि बोडिलकडे वळून अदबीने म्हणाला, "फार उपकार झाले बाई तुमचे. आता तुम्ही निघा. माझी बायको येईलच इतक्यात. तिला परकं माणूस खोलीत बघून बरं नाही वाटायचं."

बोडिल बाहेर गेली. दार लागलं. मग टकटक झाली.

एबेने दार उघडलं. "आलीस?" तो म्हणाला. "तुझे कपडे लावलेत बघ."

आता आमचा डिसेंबर असा चाललाय. मेणबत्ती खाली कुलपात आहे, एकही आकडा जळलेला नाही. बोडिल दिवसातून कितीदा तरी बाहेर जाते आणि स्वतःच्याच दारावर टकटक करते. कधी तो "आलीस?" म्हणतो, कधी "कोण पाहिजे आपल्याला?" आणि अलीकडे हे दुसरंच जास्त झालंय.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मला जपलं नाहीत तरी चालेल. मी चामड्याची आहे, सोसते. पण तुमच्या घरात कुणी असं दाराबाहेर ताटकळत असेल, तर जाऊन तिच्याशेजारी उभे राहा. एकटीने उभं राहणं फार कठीण असतं, मी रोज ऐकते.

आत्ताही ती बाहेर गेलीय. जरा गप्प राहा. टकटक त्याला ऐकू जायला हवी.