सहाशे उंबऱ्यांचं चूलबंद

आमच्या गावात बातमी खरी ठरते ती फळ्यावर आल्यावर. मोबाइल सगळ्यांच्या खिशात आहेत, पण मोबाइलवर कोणीही काहीही लिहितं आणि फळ्यावर फक्त सोनम लिहिते, असं गावाचं म्हणणं. सोनम म्हणजे मी. ग्रामपंचायतीत माझी नेमणूक संगणक चालवायला झाली आहे. पण पन्हाळ्याच्या पायथ्याला रेंज आली तर येते, त्यामुळे संगणक आठवड्यातले चार दिवस झोपलेला असतो. माझं अक्षर बरं आहे हे सरपंचांना पहिल्याच आठवड्यात कळलं आणि खडू माझ्या हातात आला. गाढवाला कळू द्यावं, पण सरपंचांना आपलं अक्षर कळू देऊ नये.

फळा पंचायतीच्या भिंतीवर आहे, अगदी रस्त्याला तोंड करून. त्यावर मी काय काय लिहिलं आहे! 'उद्या पाणी सहाऐवजी नऊला येईल. माळावरच्या गल्लीला येणारच नाही.' 'म्हशींना लस सोमवारी. मालकांनी सोबत यावे. गेल्या खेपेस नुसत्या म्हशीच आल्या होत्या.' 'मारुतीच्या देवळाबाहेर डाव्या पायाचे पायताण सापडले आहे. उजवे घेऊन गेलेल्याने लाज बाळगून परत यावे.' हे शेवटचं वाक्य माझं नाही, तक्रारदाराने शपथ घालून लिहायला लावलं.

सगळ्यात जास्त असतात ती जेवणाची आवतणं. बारसं, जावळ, वास्तुशांत, म्हैस व्याली, पोरगा दहावीला तिसऱ्या झटक्यात सुटला, काहीही चालतं. आमच्याकडे आवतण दोन तऱ्हेचं. एक, 'घरटी एक', म्हणजे प्रत्येक घरातल्या एकाने येऊन जेवायचं. दुसरं 'चूलबंद', म्हणजे म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत अख्ख्या घराने यायचं, घरात त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. आता चुली राहिल्यात कुठं, घरोघरी गॅस आलाय. पण 'गॅसबंद आवतण' म्हटलं तर लोक सिलिंडर संपला समजून घरीच थांबतील.

तर, यंदाच्या मार्चात माझा थोरला भाऊ प्रसेनजीत पन्हाळ्याच्या तहसील कचेरीत क्लार्क म्हणून लागला. आमच्या आजीने, सोनूबाईने, जेवण घालायचं ठरवलं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आमची गल्ली गावाच्या खालच्या अंगाला, विहाराजवळ. आम्ही बौद्ध. गावाच्या प्रत्येक चूलबंदला आम्ही गेलो, पोटभर जेवलो, कोणी काही बोललं नाही. गाव आमच्याकडे आलं नाही असंही नाही. माझ्या आत्याच्या लग्नाला आलं होतं की! आहेर दिला, फोटो काढला, झाकणबंद बाटलीतला थंडा प्यालं आणि 'आत्ताच जेवून आलोय' म्हणून गेलं. सकाळी साडेअकराला सगळं गाव आत्ताच जेवून आलेलं! मला त्याचा अजून राग येतो. आजीला राग येत नाही, लाज वाटते. जणू अन्न तिच्याकडूनच खराब झालं होतं. तिची ती लाज बघून माझा राग दुप्पट होतो.

म्हणून या वेळी आजीने अक्कल लढवली होती. कोडोलीहून आकाराम आचारी बोलावला. आकारामच्या हातचं मटण म्हटल्यावर गाव जात, पक्ष आणि पथ्य तिन्ही विसरतं. आवतण मात्र बेतानं. आमची गल्ली, दादाच्या कचेरीतले लोक आणि वरच्या गल्लीतून घरटी एक. मिळून दीडशे.

"सगळ्या गावाला का नाही?" मी विचारलं.

"थोड्यास्नी सांगावं," आजी म्हणाली. "न्हाई आली तर थोडीच न्हाई आली म्हणता येतंय."



शनिवारी सकाळी मी फळा लिहायला घेतला. त्या महिन्यात मी अकरा चूलबंद आवतणं लिहिली होती. फळ्यावर 'जेवण' हा शब्द उमटला की पुढची ओळ माझा हात आपली आपण लिहितो, मला विचारतसुद्धा नाही. मी पाण्याची वेळ लिहिली, लशीची तारीख लिहिली, आमचं जेवण लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि दादाला शर्ट आणायला कोल्हापूरला पळाले.

रविवारी सकाळी आठला दूध डेअरीचा गुंडू दारात उभा. हा माझ्याबरोबर शाळेत होता. म्हणाला, "सोनम, पातेली पुरत्यात काय? न्हाईतर डेअरीतली धाडतो. आमच्यात तर आईनं कालच दळण थांबवलंय."

"तुझी आई कशाला थांबवेल? तू एकटाच यायचंस ना?"

"एकटा? चूलबंद लिवलंयस की!"

मी अनवाणी पळाले. फळ्यासमोर उभी राहिले. माझ्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'सोनूबाईंच्या घरी रविवारी दुपारी बारा वाजता मटणाचे जेवण. सर्व ग्रामस्थांना चूलबंद आवतण.' खाली दोन रेघा. सहाशे उंबरे. तीन हजार माणसं. दोन बोकड.

मी फडकं उचललं. मागून आलेला गुंडू म्हणाला, "पूस की. पण फोटो कालच गावाच्या ग्रुपवर गेलाय. आता पुसलास तर म्हणतील, ताटं मांडली आणि वडून घेतली."

घरी जाऊन मी आजीसमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं. मला वाटलं, लाटणं येईल. आजी मटकन खाली बसली.

"किती येतील गं?"

"तीन हजार."

"आणि कुणीच न्हाई आलं तर?"

म्हणजे बघा. मला सगळे येण्याची धास्ती आणि तिला कोणीच न येण्याची. एकाच दिवसाला दोन्ही भीती पुरून उरल्या होत्या.

"पुसून येऊ?" मी विचारलं.

आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. मग म्हणाली, "नगो. माझ्या तोंडातनं चूलबंद ह्या जन्मात निघालं नसतं. तुझ्या हातनं निघालंय. असू दे."

आकारामला सांगितलं तेव्हा तो रश्श्यात तिखट घालत होता. त्याने पळी खाली ठेवली, टोपी काढली, पुन्हा घातली. "दीडशेचं तीन हजार? ताई, मी आचारी हाय, जादूगार न्हाई." पण गडी हाडाचा आचारी. पाच मिनिटांत आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरातून तांदूळ, कांदे, खोबरं गोळा व्हायला लागलं. गुंडूने डेअरीतली पातेली आणली. आकारामने रश्श्यात एक हंडा पाणी ओतलं, चाखलं, अजून एक ओतलं. तांबडा रस्सा गुलाबी झाला. पांढऱ्या रश्श्याचं तर बोलायलाच नको, त्यातून पातेल्याचा तळ दिसायला लागला.

बारा वाजले. मांडवात एक कुत्रं आणि कचेरीतले चार लोक.

सव्वाबारा. आमच्या गल्लीतले लोकसुद्धा ताटावर बसेनात, पहिली पंगत गावाची म्हणून थांबलेले. दादा नवा शर्ट घालून कोपऱ्यापर्यंत जायचा आणि मान हलवत परत यायचा. आजी हिरवं नेसून दारात उभी होती. साडेबाराला तिने पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि रस्त्याकडे पाठ केली. वाटलं, तो फळा उपटून विहिरीत टाकावा आणि मागोमाग माझं अक्षरही.

आणि मग गलका ऐकू आला.

पुढे गुंडू, गुंडूची आई, गुंडूच्या आईची सासू खुर्चीत बसून, खुर्ची दोघांच्या खांद्यावर. मागे ट्रॅक्टर, ट्रॉलीत पंचवीस माणसं. त्यामागे भजनी मंडळ, तालमीतली पोरं, मळ्यातली कुटुंबं. पुढं कळलं, प्रत्येक घर शेजारच्याला 'तुम्ही जाणार काय?' विचारत बसलं होतं आणि प्रत्येक घर 'तुम्ही गेलात तर' म्हणत होतं. शेवटी भूक लागली. काहीजण आकारामच्या मटणासाठी आले, काहीजणांचे दाखले पन्हाळ्याला अडकले होते, काहीजण नुसते बाकीचे निघाले म्हणून. मी कोणाला कारण विचारलं नाही. आलेल्याला कारण विचारू नये, पाट द्यावा.

पाट कुठले? मांडव दोन मिनिटांत भरला. मग गल्ली भरली, विहाराचं अंगण भरलं, पत्र्यावर पोरं चढली. एक पंगत ट्रॉलीतच बसली आणि वाढप्याला ट्रॉलीवर चढून वाढावं लागलं. एक पावणं रस्सा पिऊन म्हणाले, "आकाराम, ह्यात बोकड पवून गेलाय का?" आकाराम म्हणाला, "पवून न्हाई, लांबनं बघून गेलाय. प्या!" आणि ते तीन वाट्या प्याले. भजनी मंडळाने वाट बघता बघता टाळ काढले. आमच्या शेजारच्या काकी, ज्यांना चारचौघांत हसायची सवय नाही, त्या भाताचं घमेलं डोक्यावर घेऊन पळताना एवढ्या हसत होत्या की भात सांडत होता. दादाचा नवा शर्ट तांबडा झाला. मी वाढत होते, ओरडत होते, मला चक्कर आल्यासारखं होत होतं आणि ते थांबूच नये असं वाटत होतं.

दीडला मटण संपलं. दोनला रस्सा संपला, पाण्यासकट. सव्वादोनला भात. आकारामने मोठं पातेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून म्हणाला, "आता मी पावणा."

गर्दी हात धुवून मांडवात सुपारी कातरत बसली. तेवढ्यात वरच्या गल्लीच्या बाजूने आक्कासाब आल्या. हातात काठी, मागे सून राजनंदिनी आणि दोन नातवंडं. आक्कासाबांच्या रानात आजीने तीस वर्षं खुरपं घेऊन भांगलण केली. बाई वाईट नाही, पण करारी. कुठल्याही जेवणाला उशिरा जायची त्यांची रीत, आणि त्यांचं ताट राखून ठेवायची गावाची. आमच्याकडे त्या कधी जेवायला येतील असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून ताट कोणी राखलंच नव्हतं.

मांडवातले अडकित्ते थांबले. आजी पुढे गेली. तिचा आवाज आधीच बारीक झाला होता.

"आक्कासाब, संपलं सगळं."

दादाने प्रसंग ओळखून थंड्याची बाटली पुढे केली. आक्कासाबांनी ती काठीने बाजूला सारली.

"हे काय? अडीच वाजाय आल्यात. माझ्या घरात सकाळधरनं काय शिजल्यालं न्हाई. चूलबंद दिलंयस की न्हाई?"

"दिलंय, पण..."

"मग घरात असंल ते दे."

"घरात?" आजी म्हणाली. "आकारामचं संपलं. घरातलं म्हंजे... माझ्या हातचं हुईल."

"मग काय तुझ्या पायाचं करतीस?" आक्कासाब म्हणाल्या, काठी दाराला टेकवली, पायताण काढलं आणि तरातरा स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसल्या.

अख्खा मांडव आमच्या दारात. खिडकीत गुंडू, त्याच्या बगलेखालून त्याची आई. पातेल्यावरून उठून आकारामही आला. आजीने तवा ठेवला. मी पीठ काढून दिलं. गावभर जिच्या भाकरीचा पापुद्रा प्रसिद्ध व्हायला हवा होता, त्या माझ्या आजीची पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. दुसरी उतरली. तोवर मी पिठलं हाटलं, पण फोडणी तिने घातली, मीठ तिने घातलं. ताट तिने स्वतः पुढे ठेवलं आणि पदराचं टोक दातात धरून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना.

आक्कासाबांनी भाकरी मोडली. पिठल्याला लावली. चावली. दात थोडे होते, वेळ लागला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

तीस वर्षं बांधावर उभं राहून आजीने या बाईला फक्त 'व्हय आक्कासाब' म्हटलंय. दुसरं वाक्य मला माहीत नाही. आजीने दातातला पदर सोडला, कमरेला खोचला.

"कमी न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यातच खारट करत्यात. खावा गप."

आक्कासाबांनी मान वर करून आजीकडे पाहिलं, चांगलं निरखून. मग ताट पुढे सरकवलं.

"दुसरी दे. जरा खरपूस कर."

आजी तव्याकडे वळली. मागून राजनंदिनी म्हणाली, "मलापण, आज्जी." गुंडूची आई खिडकीतूनच ओरडली, "रश्श्यानं काय माझं भागलं न्हाई बाई!" आणि बघता बघता ज्यांचं नुसतं गुलाबी पाण्यावर भागवलं होतं ती सगळी माणसं दारापासून विहारापर्यंत ओळीत उभी राहिली. मी पीठ मळत होते आणि रडत होते आणि हसत होते. आजी भाकरीवर भाकरी थापत होती आणि गावाला दरडावत होती.

"लायनीत या! ढकलू नगा! मीठ ज्याला पायजे त्यानं आपल्या हातानं घ्या!"