जारिक

"मॅनेज!" तारवियाने फळ्यावर टिचकी मारली. "प्रत्येकीनं तीन वाक्यं. उभं राहून, हसत. बाईसाहेबांना रडकं तोंड नको असतं."

वर्गातल्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. सगळ्यांच्या अंगात निळे टी-शर्ट, सगळ्यांचे केस मुलग्यांसारखे कापलेले. परदेशी घरकामाला बाया पाठवणाऱ्या या केंद्रात आल्या दिवशीच वेण्या जात. पुढच्या टेबलावर प्लॅस्टिकचं बाळ पडलं होतं. त्याला पुसून, पावडर लावून, दिवसातून कितीदा तरी लंगोट बदलून पोरींनी त्याचा रंग घालवला होता.

सुमिनी उठली. ही वर्गातली आगाऊ. "आय कॅन मॅनेज टू चिल्ड्रन. आय कॅन मॅनेज द किचन." मग डोळे मिचकावून, "आय कॅनॉट मॅनेज माय हजबंड, बू."

वर्ग खो खो हसला.

"नवऱ्याला सिंगापुरात कुणी विचारत नाही," तारविया म्हणाली. "वाक्य बरोबर आहे. तिथं बोलू नकोस म्हणजे झालं. बस."

बू म्हणजे बाई, आणि बू म्हणजे आईसुद्धा. पोनोरोगो गावच्या त्या केंद्रात सगळ्याच पोरी तारवियाला बू म्हणत. शेवटच्या बाकावरची विविनही म्हणे. तिच्या तोंडी त्याचा कुठला अर्थ होता, हे तारवियाला आजवर उमगलेलं नव्हतं. विविन तिची पोटची मुलगी.

तारवियाने सोळा वर्षं सिंगापुरात दुसऱ्यांची मुलं वाढवली. तिथलं इंग्रजी घेऊन ती परत आली आणि या केंद्रात शिकवू लागली. मुलाखतीला कुणाला बसवायचं हे तिच्याच शेऱ्यावर ठरे. विविनच्या नावापुढे तिनं दोनदा 'अजून कच्ची' असं लिहिलं होतं. पोरगी कच्ची नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. पण घरी विविनची लेक गेंदिस होती, नुकती चालायला लागलेली. तिला टाकून विविनने जाऊ नये, एवढाच तारवियाचा हट्ट होता.

"विविन."

विविन उठली. हसत होती, शिकवलं होतं अगदी तसं. "आय कॅन मॅनेज अ बेबी. आय कॅन मॅनेज अॅन ओल्ड मॅन." मग क्षणभर थांबून तिनं आईच्या डोळ्यांत पाहिलं. "आय मॅनेज्ड विदाउट माय मदर."

सुमिनीसुद्धा हसली नाही.

आईवाचून निभावलं मी. वाक्यात खोट काढायला जागा नव्हती. तारवियाने खडू खाली ठेवला.

"बरोबर," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं 'तयार' असा शेरा लिहिला.

संध्याकाळी दोघी घरी आल्या. गेंदिसला शेजारच्या यातीकडून घेऊन विविनने तिला जारिकमध्ये बांधलं. बाटिकचं ते लांब कापड, खांद्यावरून घेऊन कमरेशी पोर अडकवायचं. गेंदिस जन्मली तेव्हापासूनचं. त्याला दूध, घाम, तेल, सगळ्याचा वास होता.

"घर आहे आपल्याला," तारविया म्हणाली. "माझा पगार आहे. तुझा नवरा कालिमंतानला मजुरीला गेला तो गेलाच, पण तू मला जड झालीस असं मी कधी म्हटलं?"

"घर तेव्हाही होतं, बू. तुम्ही पैसे पाठवायचात नि भिंती वर चढायच्या."

"मग तुला कळतंय ना काय होतं ते? आणि तरी तेच करतेस?"

विविन गेंदिसच्या पाठीवर थोपटत राहिली. "दुसरं काय करू? लोकांच्या शेतात भात लावू? उद्या हिला शिकवायचंय. आणि माझं वेगळं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मला म्बाह होती. बिचारी."

म्बाह म्हणजे तारवियाची आई. स्वच्छतेचं वेड असलेली म्हातारी. गावची रीत अशी, की परदेशी जाणाऱ्या बाईनं आपलं न धुतलेलं जारिक लेकराच्या उशाशी ठेवायचं. वासावर पोर झोपतं. तारवियानेही ठेवलं होतं. पण ईद आली आणि म्हातारीनं पडदे, चटया, चादरी, घरातलं सगळं नदीवर नेऊन धुतलं. त्यात तेही गेलं. मग विविन तापानं फणफणेपर्यंत रडली. पुढे दर ईदेला म्बाह ही गोष्ट पाहुण्यांना हसत हसत सांगे. तारवियाने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा विविन तिच्या खांद्याला लागली होती. ऐकून तिला हसू आलं नव्हतं.

"तुमचा वास मला आठवत नाही, बू," विविन शांतपणे म्हणाली. "राग नाही माझा. पण हिला निदान तुम्ही मिळाल. मला नाही मिळालात."

तारविया उठून भात वाढायला गेली.

मुलाखत झाली, बाईसाहेबांनी पसंत केलं, आणि निघायचा दिवस उजाडला. रीतीप्रमाणेच सगळं झालं. दुपारी गेंदिसला निजवलं. विविनने जारिक सोडून तिच्या उशाशी दुमडून ठेवलं. पोरीला हात लावला नाही, जागी होईल म्हणून. दाराशी वाकून आईचा हात कपाळाला लावला.

"धुऊ नका हं."

"वेडी आहेस का," तारविया म्हणाली.

गेंदिस उठली, रडली. आजीनं उचललं तर हातपाय झाडायला लागली. शेवटी तारवियाने तेच जारिक खांद्यावर घेतलं. पोरीनं कापडात नाक खुपसलं आणि हुंदके देत गप्प झाली. ती आजीला बिलगली नव्हती. तारवियाला ते कळत होतं. तरी ती थोपटत राहिली.

पुढे त्या कापडावर भाताची पेज सांडली, पोर ओकली. याती म्हणाली, "अगं, वास मारतोय त्याला. दे, माझ्या कपड्यांबरोबर टाकते."

"हात लावू नकोस," तारविया इतक्या जोरात खेकसली की याती महिनाभर फिरकली नाही.

मग एका दुपारी विविनचा फोन आला. पडद्यावर ती दिसत नव्हती. कुठल्याशा स्वयंपाकघराचं पांढरं छत दिसत होतं. "बू, घाईत आहे. जेवली का ती?" तेवढ्यात मागे कुणाचं तरी बाळ रडलं, कुणीतरी हाक मारली. विविनचा आवाज एकदम बदलला. वर्गात शिकवलेला, हसरा आवाज.

"येस मॅम! आय कॅन मॅनेज!"

तारवियाच्या कडेवर त्याच जारिकमध्ये बांधलेली गेंदिस ताठ झाली. आवाज तिनं बरोबर ओळखला होता. तारवियाने लगबगीने फोन तिच्यासमोर धरला. "बघ, आई! बघ ना इकडे!"

गेंदिसने फोनकडे पाहिलंच नाही. तिनं आजीच्या छातीवरचं जारिक दोन्ही हातांनी उचललं आणि वाकून आत पाहिलं.