तीन मीटर तीस

“तीन मीटर तीस लागेल,” हुसेन मास्तर म्हणाले.

अलफियाच्या लॅपटॉपवर तीन मीटर आलं होतं. टेबलावरचं कापड होतं तीन मीटर दहा सेंटिमीटर. एका उत्तराप्रमाणे त्याचा कुर्ता होत होता, दुसऱ्याप्रमाणे नव्हता. आणि कात्री एकदाच चालणार होती.

“मास्तर, मशीन हो म्हणतंय,” दुकानाचे मालक सीतारामशेठ म्हणाले. “आणि तुम्ही तर फीतही लावली नाहीत अजून. आकाशवाणी झाली का?”

मास्तर हसले. त्यांनी फक्त कापडाची कड बोटांत धरून चुरली होती आणि एकदा वीत टाकली होती.

शनिवार पेठेतल्या त्या दुकानात मास्तर एकेचाळीस वर्षं कापड कापत होते. वरच्या मजल्यावर मी नवशिक्यांना जावा प्रोग्रामिंग शिकवत होते, एम.एस्सी. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत म्हणून धरलेलं काम. मास्तरांची मुलगी अलफिया माझ्याच बॅचला होती. काचबिंदूमुळे मास्तरांची नजर कडांकडून आत आत मिटत चालली होती. पुढच्या महिन्यापासून कात्री त्यांच्या मदतनिसाच्या, इंद्रजीतच्या हाती जाणार, हे ठरलं होतं. इंद्रजीतचा हात चांगला होता. पण कशाला किती कापड लागेल हे विचारलं, की तो मास्तरांकडे बघायचा. म्हणून मास्तर मुलीला म्हणाले होते, “माझ्या डोक्यातलं तुझ्या त्या डब्यात भरून ठेव.”

आज त्या डब्याची परीक्षा होती, म्हणून मीही खाली दुकानात आले होते. बरोबर निघाला तर तो दुकानात राहणार होता. चुकला तर शेठनी आधीच बजावलं होतं, “उगाच खेळ नको.” मग मास्तरांबरोबर सगळंच घरी जाणार होतं.

“माझ्या सासऱ्यांनी घेतलेलं हाय,” तुळजाबाई म्हणाल्या. ते कापड घेऊन त्या खराडीहून आल्या होत्या. “सोतासाठी. शिवायचं ऱ्हाऊनच गेलं. नातवाच्या लग्नात त्याच्या अंगावर घालायचं म्हनते. वाया नका घालवू, मास्तर.”

अलफियाचा चेहरा उतरला. मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला.

तिने प्रोग्राम नीट लिहिला होता. टोटल सुरुवातीला अडीच मीटर. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असेल तर टोटलमध्ये पन्नास सेंटिमीटर मिळवायचे. चौकड्या असतील तर वीस, कारण शिवणीवर चौकडीला चौकडी जुळवावी लागते. कोरं सुती असेल तर दहा, कारण ते धुतल्यावर आटतं. फक्त पहिल्या अटीनंतर प्रत्येक ठिकाणी तिने ‘एल्स इफ’, म्हणजे ‘नाहीतर जर’, लिहिलं होतं.

ती चूक तिची नव्हती, माझी होती. फळ्यावर मी परीक्षेच्या गुणांचं उदाहरण दिलं होतं. पंचाहत्तरच्या वर विशेष श्रेणी, नाहीतर साठच्या वर पहिली, नाहीतर दुसरी. विद्यार्थी एकाच श्रेणीत बसतो. एक अट खरी निघाली की पुढच्या बघायच्या नसतात. अलफियाने तोच साचा उचलला होता, आणि मीही तो तपासून ‘छान’ म्हटलं होतं.

“कुठं अडलं, मॅडम?” मास्तरांनी विचारलं.

“पन्हा कमी आहे हे कळल्यावर प्रोग्राम तिथेच थांबतोय. चौकड्या आहेत का, कोरं आहे का, हे विचारतच नाही.”

“असं कसं? कापडाला काय एकच गोष्ट असते?”

मी दोन्ही ठिकाणचा ‘एल्स’ पुसला. आता तिन्ही अटी एकामागून एक तपासल्या जाणार होत्या. टोटल अडीचवरून तीनवर गेली, तीनवरून तीन वीसवर. मग शेवटच्या अटीचे दहा मिळून थांबली.

तीन मीटर तीस.

मी त्या आकड्याकडे आणि मग मास्तरांच्या बोटांकडे बघितलं. पाचवीत शाळा सुटलेला हा माणूस एकेचाळीस वर्षं हे असं चालवत होता. गिऱ्हाईक बोलत असताना, चहा पिताना, एकही अट न गाळता.

“अशा किती अटी असतील, मास्तर?”

“मोजल्या कुठं?” ते म्हणाले, आणि बोटांवर सांगायला लागले. मखमल असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने. पोट मोठं असेल तर. एक खांदा उतरता असेल तर. अलफिया टाइप करत राहिली. एकोणिसाव्या अटीवर मी मोजणं सोडून दिलं.

“चला, म्हणजे आता मास्तर नसले तरी भागेल,” शेठ म्हणाले.

“भागायलाच पाहिजे, शेठ. त्याच्यासाठीच तर सांगतोय.”

“म्हंजी माझा कुडता न्हाईच व्हत का?” तुळजाबाईंनी विचारलं.

मास्तरांनी कापडावरून हात फिरवला. “कुर्ता नाही होत, आक्का. बंडी होईल. आत पांढरा सदरा घालू दे, वरून पणजोबांची बंडी. लग्नात सगळ्यांना दिसेल.”

तुळजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मान डोलावली. हे कुठल्याच अटीत नव्हतं. प्रोग्राममध्ये बंडीच नव्हती.

सोमवारी कापड भिजून, वाळून, इस्त्री होऊन टेबलावर आलं. खडूच्या रेघा इंद्रजीतने मारल्या. कापलं मात्र मास्तरांनी. नजर दाराकडे होती. डाव्या हाताचा अंगठा वीण चाचपत पुढे जायचा, मागून कात्री. शेवटी त्यांनी पुढचा आणि मागचा तुकडा खांद्याशी जुळवून धरला. चौकडी चौकडीत अशी मिसळली, की शिवण कुठे येणार ते मला शोधावं लागलं.

“अब्बा, बंडीला किती लागलं?” अलफियाने लॅपटॉप उघडला. “लिहून घेते.”

मास्तरांनी कात्रीची मूठ इंद्रजीतकडे करून ती टेबलावर ठेवली. मग गळ्यातली फीत काढून मुलीच्या हातात दिली.

“मोज,” ते म्हणाले.