न लागलेला धक्का

रविवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, सुतारकामाच्या कारखान्यामागच्या खोलीत थोरल्या भावाने धाकट्यावर चोरून करवत चालवल्याचा आरोप ठेवला.

आरोपाला आधार होता. धाकट्याच्या रक्तात कर्करोग निघाल्यापासून त्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगून बरगड्यांखाली उतरली होती आणि तिला धक्का लागू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हापासून थोरल्याने त्याला हत्याराला शिवू दिले नव्हते. टेबलांचे कोपरेसुद्धा चिंध्यांनी गुंडाळले होते. आणि आज याचा खांदा दुखतो!

"खांदा काय बसल्या बसल्या दुखतो? खरं सांग, बारक्या."

"तुझी शप्पथ, दादा. झोपलो होतो."

"मग पुन्हा झोप. तेल चोळतो."

"आडवं झालं की जास्तच कळ येते रे."

थोरला येरझाऱ्या घालू लागला. करवतीच्या मुठीवर बोट फिरवले: धूळ. पटाशीवर: धूळ. पुरावा मिळेना तसा त्याचा आवाज चढत गेला. कारण चोरी सिद्ध झाली असती, तर दुखणे साधे ठरले असते.

"दादा, आता कोर्ट उठवा," धाकट्याची बायको दारातून म्हणाली. "ह्यांची करवत उजव्या हाताने चालते. दुखतोय डावा."

थोरल्याने पहिल्यांदाच भावाकडे नीट पाहिले. ओठ पांढरे, कपाळावर घाम, हात गारढोण.

"पोट कसंय?"

"टम्म झालंय. म्हटलं, जेवण अंगावर आलं."

लाकडे वाहायच्या टेंपोत त्याला बसवून थोरल्याने इस्पितळ गाठले. धाकट्याला थेट शस्त्रक्रियेला नेले. बाहेरच्या बाकावर थोरला बसे, उठे, पुन्हा बसे. धक्का नाही तर धोका नाही, हे तर्कशास्त्र डॉक्टरांचे नव्हते. ते त्याने स्वतःच रचले होते, आणि त्याच्या भरवशावर तासभर उलटतपासणी चालवली होती.

अखेर शल्यविशारद बाई बाहेर आल्या. त्याने तरीही विचारलेच, "कुठं आपटला होता तो?"

"कुठंच नाही. रोगाच्या पेशी भरून पाणथरी आपसूक फाटली. पोटात रक्त साचलं, त्याची कळ खांद्यात उठली. पाणथरी काढली आहे. आज वाचलेत. कॅन्सर आहे तिथंच आहे."