हातचा कुठं ठेवायचा?

“सर, हातचा कोनाच्या हातात देऊ?”

दीपमालानं हे विचारलं आणि सातवीचा वर्ग फिदीफिदी हसला. “येनीत खोच वं!” मागून प्रज्वल ओरडला.

देऊळघाटच्या शाळेत, प्रार्थनेच्या सिमेंटच्या ओट्यावर वामनराव मास्तरांनी खडूनं भला मोठा फ्लोचार्ट काढला होता. सुरुवातीला लंबगोल, कामाला चौकोन आणि हो-नाही विचारायला शंकरपाळी. बाणाबाणानं चालत दोन अंकी बेरीज करायची. चालणारं मूल म्हणजे संगणक. त्याला नियम एकच: लिहिलंय तेवढंच करायचं, मनचं काही नाही. दीपमाला सत्तावीस आणि अडतीस घेऊन निघाली. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले. पुढच्या चौकोनात नुसतंच ‘हातचा एक’ लिहिलं होतं. ती तिथंच उभी राहिली.

मास्तरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. दर शनिवारी एक तास ते फुकट शिकवायला येत. पण आता शाळेला धडे दाखवणारा मोठा टीव्ही मिळाला होता, आणि नव्या मुख्याध्यापिका जयमालाबाई समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आजचा तास जमला तर शनिवार मास्तरांचा, नाही तर टीव्हीचा, हे त्यांनी सकाळीच गोड शब्दांत सांगितलं होतं. मास्तरांनी पंधरा दिवस पुस्तक समोर ठेवून चौकोन आणि शंकरपाळ्या गिरवल्या होत्या. हा शनिवार गेला, तर त्यांच्या आठवड्यात सातही रविवारच उरणार होते.

“हातचा मनात ठेवायचा, बेटा.”

“संगनकाले मन नसते. तुमीच सांगतलं ना, सर.”

मास्तरांनी चौकोनातली अक्षरं पुन्हा वाचली. चौतीस वर्षं ते फळ्याजवळ ‘हातचा एक’ म्हणत आले आणि पोरं माना हलवत आली. तो ठेवायचा कुठं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. दीपमालाच्या वहीतल्या बेरजा नेमक्या दहानं कमी यायच्या. त्या का, हे त्यांना आत्ता कळलं.

“बराबर आहे तुहं,” म्हणत त्यांनी रुमालानं चौकोन पुसला, बाजूला एक छोटं घर काढलं आणि लिहिलं: ‘घरात एक खडा ठेव. दशकं मोजताना घरातला खडा मिळव.’

उत्तर पासष्ट आलं. टाळ्या पडल्या.

“आता माझी बेरीज,” जयमालाबाई म्हणाल्या. “एकवीस अधिक चौतीस.”

एक आणि चार पाच. शंकरपाळीनं विचारलं, नऊपेक्षा जास्त? नाही. दीपमाला दुसऱ्या बाणानं गेली. दोन आणि तीन पाच. मग तिनं घरात डोकावून पाहिलं आणि एक मिळवला.

“पासष्ट!”

“इले काईबी द्या, पासष्टच देते!” प्रज्वल म्हणाला, आणि वर्ग लोळला.

दीपमालाचे डोळे भरून आले. “म्या लिवल्यापरमानंच केलं, सर. मंघाचा खडा घरातच होता. काढ म्हनून कुठी लिवलं हाय?”

जयमालाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. पोरगी घाबरली म्हणून चुकली, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

“मॅडम, पोरीचं बराबर आहे,” मास्तर म्हणाले. “चार्ट माहा चुकला. नव्या बेरजेआधी घर रिकामं करा लागते. ते लिहायचं मी भुललो.”

“सर, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण टीव्हीत अशा चुका होत नाहीत. तेव्हा पुढच्या शनिवारपासून...”

“हाव. समजलं.”

बाई ऑफिसात गेल्या. घंटा झाली, पोरं दप्तरांकडे पळाली. मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली. दीपमाला मात्र हलली नाही. तिनं घरातला खडा भिरकावला, लंबगोलाखाली ‘आधी घर रिकामं कर’ असं लिहिलं आणि म्हणाली, “सर, आनखी एक द्या ना. कठीन द्या.”

“नव्व्याण्णव अधिक एक.”

ती निघाली. शून्य लिहिलं, घरात खडा ठेवला आणि दशकांच्या चौकोनात अडली. “इथं तं दहा झाले. एका चौकोनात दोन आकडे कसे मावतीन? शंभराचा चौकोन कुठी हाय?”

मास्तरांनी चार्ट वरपासून खालपर्यंत पाहिला.

“नाही काढला, बेटा.”

“इसरले?”

“हाव.”

“मंग मी काढू?”

मास्तरांनी आपला खडू तिच्या हातात दिला. दप्तरं घेऊन निघालेली चार-सहा पोरं परत फिरून ओट्याच्या कडेला बसली. त्यात प्रज्वलही होता. मास्तर गुडघ्यावर हात टेकत त्यांच्याच रांगेत बसले. दीपमाला वाकून रेघ ओढू लागली.

“सर, पाय जवळ घ्या ना. रेघ मिटून राह्यली.”

वामनरावांनी पाय पोटाशी ओढून घेतले.