सकाळचं गुलाबी औषध

"सिस्टर, तुमच्या त्या तापाच्या बंदुकीला कुणी गंडवलं तर?"

मागच्या बाकावरच्या मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून तिने भर वर्गात उभं राहून विचारलं. अलीकडे तिची भीड पार चेपली होती. वर्ग तिला तोफच म्हणायचा. पण आज कुणी धड हसलं नाही. अर्धे बाक रिकामे होते. शाळेत सगळ्यांत आधी गोवर झालेली पहिलीतली मुलगी अजून दवाखान्यातच होती, आणि तिच्याबद्दल बाई हल्ली काही सांगत नव्हत्या.

सिस्टर म्हणजे शाळेच्या नर्स, आज वर्गात गोवराची माहिती द्यायला आल्या होत्या. एरवी त्या रोज सकाळी फाटकाशी उभ्या राहून मुलांच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरायच्या. त्या रागावल्या नाहीत. गंडवतात की, म्हणाल्या. निघताना तापाचं औषध पाजलं की यंत्र बिचारं काय करणार? आणि डाग उठायच्या आधीपासूनच मूल गोवर वाटत सुटतं. त्यांना खरा घोर होता शाळेच्या पाळणाघराचा. तिथली तान्ही बाळं अजून लस घ्यायच्या वयाचीसुद्धा नव्हती.

"त्यांच्यापाशी कोण आजारी मूल बसलं होतं, ते वेळेत कळलं तर बाळांना इंजेक्शन देऊन काही करता येतं," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर नुसतं बघत बसायचं."

तोफ खाली बसली. तिचा धाकटा भाऊ पहिलीत होता. या आठवड्यात त्याचे डोळे लाल, नाक गळतंय, आणि आई रोज सकाळी गुलाबी औषधाचं झाकण भरून त्याच्या तोंडाला लावत होती. शाळा सुटली की ताईची वाट बघत तो पाळणाघरातच थांबायचा. रांगणाऱ्या बाळांना घोडा होऊन पाठीवर घ्यायची त्याला भारी हौस.

आज तो उठलाच नव्हता, म्हणून आई घरी होती. शाळा सुटून तोफ घरी पोचली तेव्हा त्याच्या कानामागचे डाग गालांवर उतरले होते. घामोळं असेल, आई म्हणाली. पण डोळे वर न करता. बाबाही अर्ध्यातून कामावरून आले होते.

तिने सिस्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. मग आईचा बांध फुटला. शिवणकामाच्या कारखान्यात खाडा झाला की मशीन दुसरीला देतात. त्याची लस राहिली तीही त्या खाड्याच्या धाकानेच. बाबांचं म्हणणं, पोराला आत्ताच डॉक्टरकडे नेऊ, पण पाळणाघराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. लोक तोंडात शेण घालतील.

"मी काय मुद्दाम केलं का गं?" आईने विचारलं.

आई वाईट नव्हती, आणि बाळं तर कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. भाऊ खोकता खोकता कुशीवर वळला. तिने त्याचं पांघरूण नीट केलं आणि पुन्हा चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही त्याला दवाखान्यात न्या. मी सिस्टरांकडे चाललेय. तो पाळणाघरात बसत होता, आणि औषध पाजून पाठवलेला होता, दोन्ही सांगणार आहे."